आकाशातल्या पत्त्यावरून शोध : अवकाश-निरीक्षणांच्या सूचीच्या प्रकल्प नोंदी, बडोदे

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार

काम ठरले. अवकाशातल्या दुर्बिणींची जी निरीक्षणे सर्वांसाठी खुली आहेत त्यांची एक सूची करायची. कुठे पाहिले, केव्हा पाहिले, कोणत्या उपकरणाने पाहिले आणि मूळ फाइल कुठे ठेवली आहे, एवढेच त्यात असेल. प्रतिमा आणि वर्णपट आपण साठवणार नाही, ते जिथले तिथेच राहू देत. सूची मात्र आपल्या साध्या संगणकावर मावली पाहिजे आणि इंटरनेट नसतानाही चालली पाहिजे. सुरुवात भारताचा ॲस्ट्रोसॅट आणि हबल या अवकाश-दुर्बिणींपासून.

माणसे चार. सर (भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक), एम.एस्सी.ची एक विद्यार्थिनी, इंजिनिअरिंगचा एक मुलगा आणि मी. मी कारखान्यात दिवसभर डेटाबेसच सांभाळते, त्यामुळे तो भाग माझ्याकडे. बसायला सरांच्या दांडिया बाजारातल्या घराची वरची खोली.

हे काम मला का करावेसे वाटते ते आजच लिहून ठेवते. १९ मे २०२३ ला जपानच्या कोइची इतागाकींना एम १०१ या सर्पिल दीर्घिकेत एक नवा तारा दिसला. तो अतिनवतारा (स्फोट होऊन फुटलेला तारा) होता, २०२३ आयएक्सएफ. अंतर सुमारे २ कोटी १० लाख प्रकाशवर्षे, म्हणजे या हिशेबात अगदी शेजारचा. लगेच प्रश्न आला, फुटला तो तारा आधी कसा होता? उत्तर जुन्या प्रतिमांमध्ये होते. हबल आणि स्पिट्झर या दोन्ही अवकाश-दुर्बिणींनी त्या जागेची चित्रे वर्षानुवर्षे घेऊन ठेवली होती. त्यांत धुळीने वेढलेला एक तांबडा महाराक्षसी तारा सापडला, आणि स्फोटापूर्वी त्याचे तेज कमीजास्त होत होते हेही कळले.

त्या ताऱ्याकडे म्हणून कुणीही दुर्बीण वळवली नव्हती. शोधचौकटीत टंकावे असे प्रचलित नावही त्याला नव्हते. तो मिळाला तो फक्त जागेवरून. म्हणून आपल्या सूचीची पहिली किल्ली नाव नसेल, जागा असेल. या एका गोष्टीवर मी अडून बसणार आहे.

१६ नोव्हेंबर, शनिवार

फिट्स फाइलींची ओळख. दोन्ही मुलांसाठी हे नवे होते, म्हणून घाई केली नाही.

खगोलशास्त्रात निरीक्षणे जवळजवळ सगळीकडे याच साच्यात ठेवतात. १९८१ साली हा साचा प्रसिद्ध झाला आणि तेव्हाची फाइल आजही उघडते, एवढ्यासाठीच त्याला मान द्यावा. फाइलीच्या सुरुवातीला मथळा असतो, साध्या अक्षरांत. प्रत्येक ओळ बरोबर ८० अक्षरांची. अशा ३६ ओळींचा एक ठोकळा, म्हणजे २८८० बाइट. हा आकडा त्या काळच्या निरनिराळ्या संगणकांच्या शब्दलांबीने भाग जावा म्हणून निवडलेला आहे. शेवटी 'एंड' असे लिहिलेली ओळ, आणि तिथून पुढच्या ठोकळ्यापासून आकडे सुरू.

आपल्याला हे फार सोयीचे आहे. संपूर्ण प्रतिमा उतरवून घ्यायची गरज नाही. सर्व्हरने परवानगी दिली असेल तर फाइलीचे पहिले काही हजार बाइट मागवायचे, 'एंड' दिसले की थांबायचे. शेकडो मेगाबाइटच्या फाइलीतून आपल्याला लागतात त्या दहाबारा ओळी.

मुलीने दोन मोहिमांचे मथळे शेजारी शेजारी लावले आणि पहिली अडचण समोर आली. विषुवांश (आकाशातला रेखांश) कुठे 'आरए_टार्ग' या नावाखाली, कुठे 'आरए_ओबीजे', कुठे 'आरए_पीएनटी'. ही नुसती नावांची तऱ्हा नाही. एक असते लक्ष्याची जागा, दुसरी दुर्बीण प्रत्यक्षात जिकडे रोखली होती ती जागा. काही उपकरणांत लक्ष्य मुद्दाम केंद्रापासून बाजूला ठेवतात. सूचीत दोन्हींसाठी वेगळे रकाने ठेवले. शोध चालेल तो दुसऱ्या रकान्यावर.

२४ नोव्हेंबर, रविवार

आजचा दिवस नावांनी खाल्ला, पण त्यातून जे हाती आले ते मोलाचे आहे.

खेकडा तेजोमेघ घ्या. इ.स. १०५४ मध्ये चिनी निरीक्षकांनी नोंदवलेल्या स्फोटाचे हे अवशेष. त्याला एम १ म्हणतात, एनजीसी १९५२ म्हणतात, रेडिओवाले टॉरस ए म्हणतात, क्ष-किरणवाले टॉरस एक्स-१. आतल्या स्पंदकाला (ठरावीक ठेक्याने किरण फेकणाऱ्या ताऱ्याला) आणखी वेगळी नावे. निरीक्षकाने दुर्बिणीचा वेळ मागताना अर्जात जे लिहिले तेच मथळ्यात उतरते, कुणी मोठ्या अक्षरांत, कुणी मध्ये जागा सोडून, कुणी जोडून.

त्या स्पंदकाची दोन नावे मी फळ्यावर लिहिली : बी ०५३१+२१ आणि जे ०५३४+२२००. पहिले चार अंक म्हणजे विषुवांशाचे तास आणि मिनिटे. मुलगा म्हणाला, "ताई, हे दोन वेगळे असणार. तीन मिनिटांचा फरक आहे."

तारा एकच. पृथ्वीचा अक्ष सुमारे २६,००० वर्षांत एक फेरी घेतो. या संपातचलनामुळे आपण आकाशावर आखलेली जाळीच सरकत राहते, म्हणून जागा सांगताना ती कोणत्या सालच्या जाळीवरची हेही सांगावे लागते. 'बी' म्हणजे १९५० ची जाळी, 'जे' म्हणजे २००० ची. पन्नास वर्षांतली सरक सुमारे ०.७ अंश. चंद्राचे बिंब अर्ध्या अंशाचे असते, त्याहून जास्त. हंस तारकासमूहातल्या सिग्नस एक्स-१ या क्ष-किरण स्रोताचेही तेच. डिसेंबर १९७० मध्ये केनियाच्या किनाऱ्यावरून गेलेल्या उहुरू उपग्रहाच्या यादीत तो ४यू १९५६+३५ आहे, आणि आजच्या जाळीवर त्याचा विषुवांश १९ तास ५८ मिनिटे.

निर्णय : आत येणारी प्रत्येक जागा २००० च्या जाळीवर आणूनच ठेवायची, मूळ आकडा आणि मूळ जाळी बाजूच्या रकान्यात जपायची. नावांसाठी वेगळा तक्ता. फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गच्या केंद्राची सिम्बाड ही माहितीपेढी एका वस्तूची सगळी नावे देते. तिथून नाव विचारून जागा घ्यायची आणि पुढचा शोध जागेवरच चालवायचा.

१ डिसेंबर, रविवार

जागेवरून शोध वेगाने कसा लावायचा? आजचे काम हेच, आणि मला सर्वांत आवडलेलेही.

साधी सूची एका रांगेतल्या आकड्यांवर चालते. आकाश गोल आहे. विषुवांश ३५९.९ अंश आणि ०.१ अंश हे आकड्यांत दोन टोकांना, आकाशात मात्र एकमेकांना लागून. ध्रुवाजवळ तर विषुवांशाचे सगळे अंश एका बिंदूत गोळा होतात. 'या दोन आकड्यांच्या मध्ये असलेले द्या' असे डेटाबेसला विचारून भागत नाही.

यावर आज सर्वत्र वापरात असलेला उपाय म्हणजे हीलपिक्स. आकाशाची सारख्या क्षेत्रफळाची १२ घरे पाडायची. प्रत्येक घराचे चार भाग, त्या प्रत्येकाचे पुन्हा चार, असे हवे तितके खाली जायचे. क्रमांक असे देतात की कोणत्याही घराच्या क्रमांकाला चारने भागून बाकी टाकली की वरच्या घराचा क्रमांक मिळतो. त्यामुळे एका मोठ्या घरातली सगळी छोटी घरे क्रमांकांच्या एका सलग पट्ट्यात येतात. आकाशाचा तुकडा म्हणजे 'इथपासून इथपर्यंतचे आकडे' एवढेच उरते, आणि ते काम कोणताही डेटाबेस डोळे मिटून करतो.

पातळी कोणती घ्यायची? सातव्या पातळीवर १,९६,६०८ घरे, एकेक घर सुमारे २७.५ कलांचे (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, विकला म्हणजे कलेचा साठावा). ॲस्ट्रोसॅटच्या अतिनील दुर्बिणीचे क्षेत्र २८ कला. दहाव्या पातळीवर १,२५,८२,९१२ घरे, प्रत्येक सुमारे ३.४ कला. हबलच्या सर्वेक्षण-कॅमेऱ्याच्या रुंद वाहिनीचे क्षेत्रही २०२ विकला, म्हणजे ३.४ कलाच. हे जुळलेले पाहून सरांनी टेबलावर थाप मारली. दहावी पातळी पक्की.

८ डिसेंबर, रविवार

सरांनी मुलांना मध्यवर्ती ग्रंथालयात नेले, मीही गेले. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम ॲलन्सन बोर्डन यांना बोलावून बडोदे संस्थानाची ग्रंथालये उभी करवली. बोर्डननी इथल्या पुस्तकांसाठी वर्गीकरणाची स्वतंत्र पद्धत तयार केली. लोखंडी मांडण्या आणि खालपर्यंत उजेड पोचावा म्हणून काचेची जमीन, मुले बराच वेळ तेच पाहत होती.

सरांचा मुद्दा वेगळा होता. पुस्तक एका जागी एकदाच ठेवता येते, पण त्याची कार्डे कितीही करता येतात. लेखकाच्या नावाचे एक, विषयाचे एक, शीर्षकाचे एक. वाचक कोणत्या दाराने येईल हे ग्रंथपालाला आधी ठाऊक नसते. निरीक्षणेही मूळ संग्रहात ज्याने अर्ज केला त्याच्या प्रस्तावाखाली लागलेली असतात. वीस वर्षांनी येणाऱ्याला त्या प्रस्तावाशी काही देणेघेणे नसते. त्याच्या हातात असते आकाशातली एक जागा, नाहीतर एक तारीख.

परतताना शेव उसळ. चर्चा तिथेही चालूच.

२१ डिसेंबर, शनिवार

एम १०१ वर चाचणी. हिशेब आधी मुलांकडून हाताने करून घेतला.

अतिनवताऱ्याची जागा : विषुवांश १४ तास ३ मिनिटे ३८.६ सेकंद, क्रांती (आकाशातला अक्षांश) उत्तर ५४ अंश १८ कला ४२ विकला. दीर्घिकेचे केंद्र : १४ तास ३ मिनिटे १२.६ सेकंद, उत्तर ५४ अंश २० कला ५७ विकला. विषुवांशात फरक २६ सेकंदांचा. काळाचा एक सेकंद म्हणजे १५ विकला, तेव्हा ३९० विकला, साडेसहा कला. पण हे अंतर विषुववृत्तावर खरे. ५४ अंशांवर विषुवांशाच्या रेषा जवळ आलेल्या असतात, म्हणून क्रांतीच्या कोज्येने (कोसाइनने) गुणायचे. साडेसहाचे ३.८ झाले. क्रांतीतला फरक सव्वादोन कला. पायथागोरस लावला की ४.४ कला.

आता बघा. ॲस्ट्रोसॅटची अतिनील दुर्बीण केंद्रावर रोखली असेल तर तिचे क्षेत्र चौफेर १४ कला पोचते, तारा आत. हबलचा तो कॅमेरा केंद्रावर रोखला असेल तर त्याची कड १.७ कलांवर संपते, कोपरा २.४ वर. तारा बाहेर. दोन्ही नोंदींत लक्ष्य 'एम १०१' असेच लिहिलेले असेल. नावाने शोधणाऱ्याला दोन्ही मिळतील, आणि दुसरी उघडल्यावर त्यात हवे ते नसेल.

म्हणून केंद्रबिंदू पुरत नाही, क्षेत्राची आकृती लागते. आंतरराष्ट्रीय आभासी वेधशाळा संघटनेच्या (स्थापना २००२) प्रमाणात प्रत्येक निरीक्षणासोबत आकृती देण्याची सोय आहे. हबलसाठी चौकोनाचे कोपरे मिळतात, ते घेतो. जिथे आकृती मिळत नाही तिथे उपकरणाच्या क्षेत्रावरून वर्तुळ काढतो आणि नोंदीत 'अंदाजे' अशी खूण ठेवतो. ही खूण कधीही काढायची नाही, मुलांना बजावून सांगितले आहे.

शोध दोन टप्प्यांत : आधी हीलपिक्सची घरे जुळवून थोड्या नोंदी काढायच्या, मग तेवढ्यांवरच कोनाचा नेमका हिशेब. सुरुवातीच्या चाचण्यांत उत्तर लगेच येते आहे.

१४ जानेवारी २०२५, मंगळवार

उत्तरायण. सगळे बडोदे गच्चीवर. काम नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

काल गाइयाने आकाश मापणे थांबवले. डिसेंबर २०१३ मध्ये सोडलेली ही दुर्बीण, तिच्या माहितीच्या २०२२ च्या तिसऱ्या संचात सुमारे १८० कोटी स्रोत आहेत. मोहिमेला दशकाहून जास्त काळ झाला आणि दिशा ठेवण्यासाठी लागणारा वायू संपत आला.

तिच्या यादीतली एक गोष्ट मी आज रात्री मुलांना फोनवरच दाखवली. गाइया प्रत्येक स्रोताला जो लांबलचक क्रमांक देते, त्याला ३४,३५९,७३८,३६८ ने (दोनाचा पस्तिसावा घात) भागले की ताऱ्याच्या घराचा बाराव्या पातळीवरचा हीलपिक्स क्रमांक मिळतो. ओळखक्रमांकातच पत्ता! त्याला पुन्हा दोनदा चारने भागले की आपली दहावी पातळी. म्हणजे गाइयाचा कोणताही तारा आपल्या सूचीशी एका भागाकाराने जोडता येतो, त्रिकोणमिती न करता. ज्यांनी हे योजले त्यांनी पुढे येणाऱ्या वापरणाऱ्यांचा विचार केला होता, आणि मला याचे फार अप्रूप वाटते.

२६ जानेवारी, रविवार

१९७८ साली याच तारखेला आययूई हा अतिनील उपग्रह गेला होता. आरसा फक्त ४५ सेंटिमीटरचा. १९९६ पर्यंत तो चालला आणि एक लाखाहून अधिक वर्णपट मागे ठेवून गेला. फेब्रुवारी १९८७ मध्ये मोठ्या मॅगेलन मेघात अतिनवतारा फुटला तेव्हा कोणता तारा गेला याबद्दल गोंधळ होता, कारण त्या जागी तारे अगदी खेटून होते. स्फोटाचा अतिनील प्रकाश ओसरल्यावर आययूईच्या वर्णपटांतून कळले की शेजारचे दोन शिल्लक आहेत आणि सँडुलिक −६९ २०२ हाच नाहीसा झाला आहे. हे वर्णपट आज बाल्टिमोरच्या संग्रहात कुणीही पाहू शकतो. सूचीत आययूई घेतला.

त्याबरोबर जुन्या तारखा आल्या. आरंभी फिट्समध्ये तारीख दिवस/महिना/वर्ष अशी लिहीत आणि वर्षाचे दोनच अंक. १९९७ मध्ये चार अंकी वर्ष आधी लिहायचे ठरले. आपण सगळ्या तारखा 'सुधारित ज्युलियन दिवस' या सलग मोजणीत बदलतो. त्याचा शून्य १७ नोव्हेंबर १८५८ च्या मध्यरात्री.

उपग्रहांची घड्याळेही आपापल्या शून्यापासून सेकंद मोजतात. चंद्रा १ जानेवारी १९९८ पासून, स्विफ्ट १ जानेवारी २००१ पासून, ॲस्ट्रोसॅट १ जानेवारी २०१० पासून (सुधारित ज्युलियन दिवस ५५१९७). त्यात लीप सेकंद (पृथ्वीच्या फिरण्याशी घड्याळ जुळावे म्हणून वाढवलेला सेकंद), शेवटचा ३१ डिसेंबर २०१६ च्या अखेरीस घातलेला. तो कोणती मोहीम मोजते आणि कोणती नाही, हे मुलगा एकेक करून तपासतो आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

जागेच्या किल्लीवर मी अडून बसले होते. आज ॲस्ट्रोसॅटने तिला जोड मागितली.

२८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोट्याहून गेलेल्या या उपग्रहावर एकाच दिशेला रोखलेली चार उपकरणे आहेत, आणि क्षेत्रे चार तऱ्हेची. अतिनील दुर्बीण २८ कला, मृदू क्ष-किरण दुर्बीण सुमारे ४० कला, मोठे क्ष-किरण गणक साधारण एक अंश, आणि कॅडमियम-झिंक-टेल्युराइडचा प्रतिमक ४.६ अंश. एकाच निरीक्षण-क्रमांकाच्या म्हणून चार ओळी केल्या, सामाईक क्रमांकाने बांधलेल्या. शिवाय अतिनील दुर्बिणीची निकट-अतिनील वाहिनी २०१८ मध्ये बंद पडली. त्यानंतरच्या नोंदींत ती वाहिनी दाखवायची नाही.

खरा पेच त्या चौथ्या उपकरणाचा. साधारण १०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वरचे किरण त्याच्या भिंतींतून आरपार येतात, त्यामुळे दुर्बीण रोखली आहे त्याच्या बाजूला कुठेही झालेला गॅमा-किरण स्फोट त्याला कळू शकतो. ६ ऑक्टोबर २०१५ ला ते चालू केले त्याच दिवशी असा एक स्फोट त्यात नोंदला गेला. ५०० हून जास्त स्फोट त्याने आतापर्यंत टिपले आहेत. यांतला एकही आपल्या घरांच्या क्रमांकावरून हाती लागेल असे नाही.

जानेवारी २०१७ चे उदाहरण सरांनी सांगितले. ४ तारखेला गुरुत्वीय लहर नोंदली गेली आणि ती आकाशाच्या ज्या पट्ट्यातून आली असावी त्यात एक मावळता प्रकाशस्रोत सापडला. तो त्या लहरीचाच असावा असे वाटू लागले. ॲस्ट्रोसॅटच्या प्रतिमकात मात्र सुमारे एका दिवसाने झालेला एक वेगळाच गॅमा-किरण स्फोट होता, आणि तो प्रकाशस्रोत त्या स्फोटाचा निघाला. ही गाठ सुटली ती वेळेवरून.

तेव्हा दुसरी किल्ली वेळेची, आणि तिचा मान पहिलीइतकाच. ॲस्ट्रोसॅट ६५० किलोमीटरवरून सुमारे दीड तासात एक फेरी घेतो. दर फेरीत पृथ्वी आड येते, कधी दक्षिण अटलांटिकवरच्या प्रारणपट्ट्यात उपकरण बंद ठेवावे लागते. निरीक्षण 'सकाळपासून रात्रीपर्यंत' असे लिहिले तरी प्रत्यक्षात त्याचे तुकडे असतात. प्रत्येक तुकड्याची सुरुवात आणि शेवट स्वतंत्र ओळीत ठेवायचे.

२३ फेब्रुवारी, रविवार

आमच्या आकाशनिरीक्षण मंडळातल्या मुलांना बसवून सूची वापरायला दिली. बऱ्याच जणांनी 'माझ्या राशीत कुणी काय पाहिले' असे विचारले आणि यंत्राने निमूट उत्तरे दिली, कारण राशींच्या सीमा म्हणजे शेवटी आकाशावर आखलेल्या आकृत्याच.

आमच्या विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न मात्र मी वहीत जाड अक्षरांत लिहिला : "ताई, कुणीच पाहिले नाही असा भाग कसा शोधायचा?"

याचे उत्तर घरांच्या क्रमांकांतच आहे. प्रत्येक उपकरणाने झाकलेली घरे एकत्र करायची, एखाद्या घरातली चारही छोटी घरे झाकली गेली असतील तर त्यांच्या जागी वरचे एकच घर लिहायचे. अशा नकाशाला मॉक म्हणतात. दोन नकाशांची बेरीज, वजाबाकी, छेद ही कामे नुसत्या आकड्यांच्या पट्ट्यांवर होतात. हबलने पाहिलेल्या भागातून ॲस्ट्रोसॅटचा भाग वजा केला आणि उरले ते पडद्यावर आले. तिने लगेच आपल्या प्रबंधासाठी त्यातल्या काही दीर्घिका टिपून घेतल्या.

९ मार्च, रविवार

सूची मंडळाच्या संगणकावर चढवली. सोबत मराठीतून वापरायची पानेही, रकान्यांचे अर्थ आणि 'अंदाजे' या खुणेचा खुलासा. दर महिन्याला नव्याने खुल्या झालेल्या नोंदी मुलगा घालणार.

सरांनी आज धूमकेतूंचे विचारले. ते स्थिर जागी राहत नाहीत, त्यामुळे जागेची किल्ली एकटी चालत नाही आणि वेळेचीही नाही. आधी कक्षेवरून प्रत्येक तुकड्याच्या वेळेची धूमकेतूची जागा काढायची, मग ती त्या तुकड्याच्या क्षेत्रात पडते का ते पाहायचे. दोन्ही किल्ल्या एकदम लावाव्या लागतील. नोंदी तशा ठेवलेल्या आहेतच, म्हणजे तक्ते बदलायची गरज नाही, वरून एक थर चढवायचा. कक्षांची माहिती नासाच्या होरायझन्स सेवेतून घेऊ. पहिली चाचणी हबलच्या नोंदींवर, १९९४ मध्ये गुरूवर आदळलेल्या शूमेकर-लेव्ही ९ पासून, कारण तो कुठे होता आणि शेवटी कुठे आदळला हे नेमके माहीत आहे.